रस्त्याखालची रहाड आणि मोबाइलमधलं मुक्त सॉफ्टवेअर

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मध्यंतरी घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, ओपन सोर्समध्ये काँट्रिब्युशन कसं टाकायचं गं? प्लेसमेंटला विचारतात म्हणे." ‘टाकायचं’ ऐकून मला हसू आलं. भिशीत पैसे टाकतात, पेटीत पत्र टाकतात, घंटागाडीत कचराही टाकतात. ती यातलं नेमकं काय करणार होती हे तिलाही सांगता येईना. मी दिवसा नाशिकच्या अंबडला एका कारखान्याचे हिशेब बघते आणि रात्री तासभर अशाच ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही उलगडून बघता-बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते. बिनपगारी, गेली बरीच वर्षं. त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. त्या दिवशी तिला चहाबरोबर जे सांगितलं, तेच जरा सावरून इथे लिहिते आहे.

आधी रहाडीबद्दल सांगते, कारण तिलाही मी तिथूनच सांगायला सुरुवात केली. नाशिकबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून: रंगपंचमीला आमच्या जुन्या गावठाणात रहाडी उघडतात. रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा, जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि माती असते. वरून रिक्षा जातात, हातगाड्या लागतात. आपल्या पायाखाली हौद आहे हे नवख्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. सण जवळ आला की माती उकरायची, ओंडके काढायचे, गाळ उपसून हौद धुवायचा, पाणी भरायचं, रंग तयार करून ओतायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि पूजेचा मानही ठरलेला. पूजा झाली की लोक ‘धप्पा’ मारतात, म्हणजे वरून धाडकन उडी. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतात ते सगळे धप्प्याचे. गाळ उपसणाऱ्यांचा फोटो मी तरी कधी पाहिलेला नाही. आणि ज्या रहाडींना उपसणारे उरले नाहीत, त्या रस्त्याखाली गेल्या त्या गेल्याच.

आपल्या मोबाइलखालीही अशीच एक रहाड आहे. अँड्रॉइड फोन ज्याच्यावर उभा आहे तो लिनक्स नावाचा गाभा १९९१ साली लिनस तोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्या ऑगस्टमध्ये त्याने लोकांना कळवलं तेव्हा ‘हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही’ अशा अर्थाचं लिहिलं होतं. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्याच गाभ्यावर चालतात, म्हणजे बँकेचं ॲप उघडलं तरी कुठेतरी आपण त्याच्यावरूनच चालत असतो. घरोघरी पिक्चर बघायला असलेलं व्हीएलसी घ्या. त्याची सुरुवात फ्रान्समधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांनी १९९६ च्या सुमाराला केली. त्यांना कॅम्पसवरचं नेटवर्क वेगवान करून हवं होतं आणि त्यासाठी दाखवायला एक प्रकल्प लागणार होता. पुढे २००१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्या चिन्हातला तो नारिंगी शंकू म्हणजे त्या मुलांनी कुठून कुठून गोळा केलेल्या रस्त्यावरच्या शंकूंची आठवण. (हे ऐकल्यावर भाचीचा ओपन सोर्समधला रस एकदम वाढला.)

आता शब्दाचा गोंधळ. सॉफ्टवेअर म्हणजे कुणीतरी लिहिलेल्या सूचना. माणसाला वाचता येईल अशा रूपात त्या असतात तेव्हा त्याला सोर्स किंवा नुसतं कोड म्हणतात. कंपन्या सहसा तो दाखवत नाहीत, फक्त यंत्राला कळेल असं तयार रूप विकतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये याच्या विरोधात चळवळच उभी केली. सॉफ्टवेअर वापरण्याची, उलगडून बघण्याची, बदलण्याची आणि बदललेलं इतरांना देण्याची मोकळीक हवी, असं त्याचं म्हणणं. इंग्रजीत त्याला ‘फ्री’ म्हटलं आणि लोक पहिल्यापासून ते ‘फुकट’ असंच ऐकत आले. १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला, त्यामागे हा घोळ मिटवणं हेही एक कारण होतं. मराठीत हा प्रश्नच नाही. मुक्त वेगळं, मोफत वेगळं. गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ पासून मुक्त विद्यापीठ उभं आहे आणि तिथे फी भरावी लागते, हे नाशिकमध्ये शाळकरी पोरालाही कळतं.

इथपर्यंतचं भाचीला कॉलेजात शिकवलं होतं. तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते असं, की असा प्रकल्प म्हणजे कोडचा ढीग नव्हे, ती एक वस्ती असते. तिथे दोनशे लोक फक्त वापरणारे. त्यातले दहा जण काही बिघडलं तर नीट नोंद करतात. त्या नोंदीला इश्यू म्हणतात. एखाद-दुसरा बिघाड स्वतः दुरुस्त करतो. तो काय करतो? मूळ कोडची आपली प्रत काढतो, तिच्यात बदल करतो आणि मूळ प्रकल्पाकडे विनंती पाठवतो: मी हे असं केलंय, बघा, पटलं तर तुमच्याकडे ओढून घ्या. म्हणूनच तिचं नाव पुल रिक्वेस्ट. ओढण्याची विनंती. टाकायचं काहीच नसतं त्यात, आणि समोरच्याने ओढून घेतलंच पाहिजे असंही नसतं.

समोरचा म्हणजे मेंटेनर. रहाडीचा मानकरी म्हणा हवं तर, फक्त यात मान कमी आणि गाळ जास्त. आलेली प्रत्येक विनंती तो वाचतो. बदल बरोबर आहे का, त्याने दुसरीकडे काही मोडत नाही ना, पाच वर्षांनी हे कुणाला कळेल का, हे सगळं बघतो आणि मग घेतो किंवा कारण सांगून परत पाठवतो. वीस ओळींचा बदल लिहायला तुम्हाला एक संध्याकाळ लागते. तो तपासायला त्यालाही संध्याकाळ लागू शकते, आणि ती संध्याकाळ त्याच्या घरातून येते. कोडच्या लाख प्रती निघतील, पण या माणसाच्या लक्षाची प्रत निघत नाही. लोक जोडण्यावर पुढे मी जे काही बोलणार आहे ते सगळं याच मोजमापाने बोलणार आहे, तेव्हा हे जरा ध्यानात असू द्या.

कोड न लिहिणाऱ्यांचं तिथे काय काम, असं भाचीने विचारलंच. मी खुर्ची पुढे ओढली, कारण हा माझा प्रांत.

मराठीकरण म्हणजे शब्दाला शब्द ठेवणं असं वाटतं. पहिल्याच आठवड्यात मला ‘ओपन’ या बटणाने गाठलं. उघडा. बरोबर आहे की. पण नुसत्या बटणावर एकटं ‘उघडा’ असं वाचलं की कुणीतरी अंगावर कपडे नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मग ‘फाइल उघडा’ करावं तर बटणात जागा नाही. ‘होम’चं कुणीतरी यंत्राकडून ‘घर’ करून ठेवलेलं. वापरणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, यावर आमच्यात तीन आठवडे वाद चालला आणि शेवटी ‘तुम्ही’वर मतैक्य झालं, म्हणजे ‘आपण’वाले दमले.

खरी गंमत लिंगाची. मूळ वाक्य असतं: अमुक डिलीट झालं. ‘अमुक’च्या जागी संगणक ऐनवेळी शब्द भरतो. इंग्रजीत काही बिघडत नाही. मराठीत फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं. आमच्या हातात मात्र एकच साचा. मग अनुवादक पळवाट काढतात: ‘हटवण्यात आले आहे’. सॉफ्टवेअरमधलं मराठी तलाठी कार्यालयातल्या फलकासारखं का वाटतं, त्याचं अर्धं उत्तर या पळवाटेत आहे. आम्ही एका प्रकल्पात रीतसर इश्यू नोंदवला, तिन्ही उदाहरणं दिली आणि तीन वेगळी वाक्यं करून मागितली. वाटलं होतं, बराच खल होईल. पण उत्तर देणारा गृहस्थ चेक निघाला. त्याच्या भाषेतही तीन लिंगं, आणि क्रियापद तसंच बदलणारं. त्याने एका ओळीत लिहिलं की आमच्याकडेही हेच दुखणं आहे, करतो. पुढच्या आवृत्तीत वाक्यं सुटी होऊन आली. नाशिकमधल्या एका हिशेबनिसाने लिहिलेल्या चार ओळींमुळे चेक, मराठी आणि आणखी कोणकोणत्या भाषांची सोय झाली असेल! या कामात मला पैसा मिळाला नाही, पण त्या रात्री मी झोपेपर्यंत गुणगुणत होते.

असंच काम माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांचं, चित्रं काढणाऱ्यांचं, नव्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्यांचं. यातल्या शेवटच्यांना तर कुणी मोजतही नाही.

वस्ती म्हटली की भांडणं आली, आणि भांडणं आली की घटना आली. डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केलेला हा प्रकल्प यात सगळ्यांत शिस्तीचा. त्यांची लेखी घटना आहे, दर वर्षी प्रमुखाची निवडणूक होते, आणि नवा सदस्य विश्वासातला ठरवताना जुन्या सदस्यांनी त्याला प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघण्याचा रिवाज आहे. त्यांची जागतिक परिषद २०२३ मध्ये कोचीला भरली होती. इंटरनेटवर सगळं होत असताना माणसांनी विमानं पकडून एकत्र का जमावं? कारण ज्याच्याबरोबर जेवलोय त्याच्या पत्रातला तुसडेपणा आपण थकवा म्हणून सोडून देतो. न भेटलेल्याचा तोच तुसडेपणा अपमान वाटतो.

लिनक्सकडे बराच काळ वागण्यातल्या शिस्तीचीच वानवा होती. तोरवाल्ड्स कोड परत पाठवताना माणसाची सालटी काढायचे आणि ते कौतुकाने सांगितलं जायचं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतःच माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले आणि प्रकल्पाने वागणुकीची लेखी संहिता स्वीकारली. संहितेने माणसं सुधारतात असं मी म्हणणार नाही. पण नव्याला तक्रार कुठे करायची हे कळतं, आणि दारात उभ्या असलेल्याला तेवढंही पुष्कळ असतं.

आणि मंडळ फुटलं तर? आपल्याकडे गणेशमंडळ फुटतं तेव्हा निम्मं भांडण मांडवाच्या सामानावरून असतं. इथे सामान सगळ्यांचंच आहे. कुणीही प्रत उचलून वेगळी चूल मांडू शकतो. त्याला फोर्क म्हणतात. २०१० मध्ये ओपनऑफिस या पत्रं लिहायच्या, हिशेब मांडायच्या सॉफ्टवेअरवर नव्या मालक कंपनीचा ताबा आला तेव्हा तिथली बरीच मंडळी बाहेर पडली आणि लिबरऑफिस निघालं. कोड दोघांकडे तोच. नाव, प्रसिद्धी जुन्याकडे. पण काम करणारे हात नव्याकडे गेले, आणि आज लिनक्सवर ऑफिसचं काम करायला लोक लिबरऑफिस उघडतात. सामान तेच असताना माणसं कुठे गेली यावर सगळं ठरलं.

आता लोक जोडण्याचं. यातली मला सर्वांत आवडणारी हकिगत फायरफॉक्स या ब्राउझरची. २००४ च्या नोव्हेंबरात त्याची पहिली आवृत्ती आली. जाहिरातीला पैसा नव्हता, तर चाहत्यांनी वर्गणी काढली आणि डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली. त्या जाहिरातीत काय होतं? वर्गणीदारांची नावं! सुमारे दहा हजार, डोळे फोडून वाचावीत इतक्या बारीक अक्षरांत. आपल्या मंडळाच्या अहवालाच्या मागच्या पानासारखीच. आपलं नाव शोधायला माणूस भिंग घेऊन बसतो आणि सापडलं की शेजाऱ्याला दाखवतो. शेजारी विचारतो, हे फायरफॉक्स काय आहे?

नव्या पोरांना हाताशी धरण्याचे कार्यक्रमही आहेत. गूगलचा समर ऑफ कोड २००५ पासून चालतो. त्यात नवशिक्याला प्रकल्पातला एक जाणता माणूस मिळतो, काही महिने काम आणि मानधन मिळतं. ग्नोम या, लिनक्सच्या पडद्यावरच्या खिडक्या-मेनू घडवणाऱ्या, प्रकल्पाने पाहिलं की या कार्यक्रमासाठी आलेल्या अर्जांत बायका जवळपास नाहीतच. म्हणून त्यांनी २००६ मध्ये मुलींसाठी वेगळा उपक्रम काढला. तोच वाढत जाऊन आजचा आउटरीची झाला. त्यातली एक अट मला फार शहाणपणाची वाटते: निवडीआधीच प्रकल्पात थोडं काम करून दाखवायचं. म्हणजे उमेदवाराला प्रकल्प कळतो, प्रकल्पाला उमेदवार, आणि जमत नसेल तर दोघंही वेळेवर सुटतात.

आणि मग टी-शर्टाची कथा. हॅकटोबरफेस्ट हा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात होतो. कल्पना साधी होती: ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट करा, टी-शर्ट मिळवा. २०२० मध्ये टी-शर्टासाठी चार लागत होत्या. त्या वर्षी एका व्हिडिओत दाखवलं गेलं की कुठल्याही प्रकल्पाच्या माहितीपानावर एखादा गुळगुळीत शब्द वाढवला तरी चालतं. व्हिडिओ आपल्याच देशातला. झालं! हजारोंनी विनंत्या आल्या: इथे एक ‘अमेझिंग’, तिथे एक स्वल्पविराम. जगभरचे मेंटेनर सुट्टी सोडून कचरा वेचत बसले. महिना उलटायच्या आत आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढ्यांच्याच विनंत्या धरल्या जाऊ लागल्या. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबच्या कामाच्या प्रकल्पावर पुन्हा तशीच लाट आली. शिकवणीच्या एका व्हिडिओत नमुन्यादाखल त्याचं पान वापरलं होतं, आणि पोरांनी तिथेच जाऊन आपापली नावं लिहिली. सराव वहीत करायचा असतो, देवळाच्या भिंतीवर नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला राग त्या पोरांचा येत नाही. ‘काँट्रिब्युशन टाक’ हे त्यांना ज्यांनी सांगितलं त्यांचा येतो.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. आमचा दहा-बारा जणांचा एक गट आहे. एका मित्राच्या क्लासच्या खोलीत रविवारी सकाळी जमतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका कॉलेजात ‘ओपन सोर्स कार्यशाळा’ केली होती. सभागृह भरलं, बॅनर झाला, पुष्पगुच्छ झाले, दीडशे प्रमाणपत्रं वाटली. मी घरी येऊन पेढे वाटायचीच बाकी होते. पुढच्या रविवारी खोलीवर दोन जण आले, त्यातला एक प्रमाणपत्रातलं नाव दुरुस्त करून घ्यायला. आम्ही दीडशे जणांना धप्पा मारायला बोलावलं होतं आणि गाळ काढायला लोक आले नाहीत म्हणून रुसून बसलो होतो.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त नवे लोक घेत नाही. पहिल्या दिवशी कुणालाही कोड उघडू देत नाही. जे सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरता त्यातली एक खुपणारी गोष्ट सांगा, म्हणतो. ती आधी कुणी नोंदवली आहे का, हे शोधायचं. नसेल तर नीट नोंद लिहायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ही एवढी नोंद लिहायला दोन तास जातात, विश्वास ठेवा. ‘ॲप चालत नाही’ म्हणजे नोंद नव्हे, ते रडगाणं. त्यानंतर सगळे मिळून मिसळ खायला जातो. काळ्या रश्श्याने नाक वाहायला लागलं की लाजरी पोरंही प्रश्न विचारायला लागतात, हा माझा अनुभव. खोलीत तोंड न उघडलेली एक मुलगी तिसऱ्या पावाला म्हणाली होती, "मला मर्ज म्हणजे काय तेच अजून कळलेलं नाही." टेबलावरच्या आणखी तिघांनी माना डोलावल्या. (मर्ज म्हणजे आलेला बदल मूळ कोडमध्ये मिसळून घेणं.)

इतकं सगळं लक्षावरून, थकव्यावरून का बोलते, ते आता सांगते. एक्सझेड नावाचं फायली आवळून छोट्या करणारं एक साधन आहे. लिनक्सच्या असंख्य यंत्रांत ते असतं आणि कुणाला त्याचं नाव ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं एकच माणूस ते सांभाळत होता, फावल्या वेळात. २०२१ च्या सुमाराला ‘जिया तान’ नावाने कुणीतरी मदतीला आलं. चांगली दुरुस्ती, नम्र भाषा. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि त्या एकट्या माणसाच्या मागे लागली: किती उशीर लावता, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने उत्तरात प्रामाणिकपणे लिहिलं की तब्येतीमुळे पूर्वीसारखं जमत नाही आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात घ्या. हळूहळू चाव्या जिया तानकडे गेल्या. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्तीत एक चोरदरवाजा होता. दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये कुलूप न फोडता शिरता येईल असा.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद. त्याने ते सोडून दिलं नाही, माग काढत गेला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. बहुतेक यंत्रांपर्यंत ती आवृत्ती पोहोचण्याआधीच ती मागे घेतली गेली. जिया तान कोण, हे आजतागायत उघड झालेलं नाही. पण त्याने कुलूप फोडलं नव्हतं. त्याने एका दमलेल्या माणसाच्या दारात उभं राहून ‘आणा, मी धरतो’ म्हटलं होतं, आणि तोवर तसं म्हणणारं दुसरं कुणी आलं नव्हतं. त्या मागे लागणाऱ्या पत्रांना उत्तर देणारं, ‘अहो, त्याला श्वास घेऊ द्या’ म्हणणारं दोन-चार जणांचं कोंडाळं जरी तिथे असतं, तरी हे इतकं सोपं गेलं नसतं असं मला वाटतं.

पैशाचं थोडक्यात. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची खोट उघडी पडली. इंटरनेटवरच्या गोपनीय व्यवहारांचा मोठा भाग त्या सॉफ्टवेअरवर चालत होता आणि त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या साधारण २००० डॉलर होत्या. त्यानंतर मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या, निधी उभे राहिले. आपल्याकडे झेरोधा या शेअर दलालीतल्या कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दर वर्षी दहा लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. चांगलं आहे. मात्र पैशाने मेंटेनरला नोकरी सोडून पूर्णवेळ बसता येईल. शेजारी बसायला दुसरं माणूस लागेलच.

भाची हे ऐकून गप्प झाली होती. मग म्हणाली, "म्हणजे मी काही करूच नको का?" तसं नव्हे गं बाई. तिला म्हटलं, टी-शर्ट आणि रेझ्युमे घटकाभर बाजूला ठेव आणि तुला काय खुपतं ते सांग. बराच विचार करून ती म्हणाली की टिपणं ठेवायच्या एका ॲपमध्ये तिने ‘ॲप’ असं शोधलं तर निम्मी टिपणं सापडतच नाहीत. मला आनंद झाला, कारण हे दुखणं अस्सल मराठी आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक अखंड ‘ॲ’, आणि दुसरं, ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरं, म्हणून एक शोधलं की दुसरं सापडत नाही.

ती त्या रविवारी खोलीवर आली. कुणी आधी नोंदवलंय का ते बघितलं, नव्हतं. इंग्रजीत नऊ ओळींची नोंद लिहिली, दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी ठेवून. मग वाट बघणं. पहिल्या आठवड्यात रोज मला फोन: "मावशी, अजून कुणी बघितलंच नाही." मी सांगितलं, त्याच्या घरीही परीक्षा असतील, पाहुणे असतील. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. मेंटेनरने आभार मानले होते, हे माहीत नव्हतं असं कबूल केलं होतं आणि विचारलं होतं: तुमच्या लिपीत दिसायला सारख्या पण लिहायला वेगळ्या अशा आणखी किती जोड्या आहेत? यादी करून देता का?

सध्या ती यादी करते आहे. काल रात्री साडेदहाला फोन आला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा फरक तिला ठाऊक होता, पण त्या ‘ऱ्य’मधला आडवा अर्धा र जुने लोक वेगळ्या जुळणीने टाइप करायचे हे तिला आत्ता कळलं होतं. तेही यादीत घ्यायचं का? मी म्हटलं, घे, आणि ‘वऱ्हाड’ पण दोन्ही तऱ्हांनी टाइप करून बघ. पलीकडून कीबोर्डचा आवाज यायला लागला, फोन ठेवायचा राहूनच गेला.